पेट्रोलचा दर्प आणि कोरडी फरशी

वैशाखातल्या एखाद्या सकाळी गाडीच्या खोलीचे दार उघडावे, तो पेट्रोलचा दर्प यावा. वाकून पाहावे, तर फरशी कोरडी! "कालच टाकी भरली, म्हणून असेल," असे म्हणून आपण गाडी सुरू करतो. ही चूक घातक आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते. ती बंद खोलीत जमिनीलगत साचते, आणि हवेत तिचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास गेले की एक ठिणगी पुरते. ज्या घरी खाली गाडी आणि वर बिऱ्हाड, त्यांनी तर हे विसरूच नये.

बडोद्याजवळ कोयली येथे १९६५ पासून तेलशुद्धीकरणाचा कारखाना चालू आहे. अशा कारखान्यांत पुष्कळ टाक्यांचे छप्पर तेलावर तरंगते, म्हणजे वाफेला जागाच उरत नाही. मोटारीच्या टाकीत ही सोय नाही. बडोद्याच्या चाळीस अंशांच्या उन्हात टाकीतली वाफ फुगते आणि नळीवाटे कोळशाच्या डब्यात जाते. या डब्याला कारागीर कॅनिस्टर म्हणतात. कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनात ओढली जाऊन जळते. या वाटेवर कोठेही बारीक फट पडली की दर्प सुटतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्या एक मिलिमीटरचे छिद्रही स्वतः ओळखू लागल्या. २००० पासून टप्प्याटप्प्याने ही मर्यादा अर्ध्या मिलिमीटरवर आली. आपल्याकडच्या सर्वच गाड्यांत अशी सोय नसते. म्हणून पहिली परीक्षा नाकाची.

माझ्या गाडीला असाच वास येई. एका कारखान्यात न तपासताच कॅनिस्टर बदलला. पैसे गेले, वास राहिला. शेवटी दोष निघाला टाकीच्या झाकणात. त्याचे रबरी वॉशर चिरले होते! तेव्हा आरंभ झाकणापासून करावा. वॉशर कडक झाले आहे का, त्याच्या बैठकीवर धूळ आहे का, झाकण घट्ट बसते का, हे पाहावे. मग इंजिन थंड असताना रबरी नळ्या तपासाव्यात. वाकणापाशी नळी किंचित दुमडली की बारीक चीर उघडी पडते. पावसाळ्यात आडोशाला आलेले उंदीरही नळ्या कुरतडतात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; जुन्या गाड्यांतले काही रबर त्याला टिकत नाही. नळी बदलताना पेट्रोलच्या वाफेसाठी केलेलीच घ्यावी. पाण्याची नळी कापून बसवणे म्हणजे दुखणे परत बोलावणे होय.

टाकी भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नसेल, तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकल्याचा संशय घ्यावा. इंजिन बंद असताना त्यातून हवा पार होता कामा नये. आणि पंपावरची नळी आपोआप थांबल्यावर "राउंड फिगर करा" म्हणू नये. जादा पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरून कोळसा निकामी करते. ही सवय आपल्यात फार.

इतके करूनही फट सापडली नाही, तर धुराची चाचणी करणारा कारागीर गाठावा. अगदी अल्प दाबाने वाफेच्या वाटेत धूर सोडतात. तो जेथून निघेल तेथे फट. टायरच्या पंपाची जोरदार हवा मात्र टाकीत सोडू देऊ नये, टाकी फुटेल. आणि काडी ओढून गळती शोधणारा कोणी महाभाग भेटला, तर त्याला गाडीजवळ फिरकू देऊ नये.

दुरुस्ती झाल्यावर गाडी रात्रभर बंद खोलीत ठेवावी. सकाळी दार उघडल्याबरोबर, विजेच्या बटणाला हात लावण्यापूर्वी, वास घ्यावा. दर्प आलाच, तर बटण न दाबता दारे-खिडक्या सताड उघडाव्यात आणि गाडी सुरू न करता ढकलत बाहेर काढावी.