वकील, गिरणीवाले आणि वरिष्ठ सभागृहाची खुर्ची

राज्यसभेची निवडणूक जाहीर झाली की आमच्या बार्शीत चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास निघतो. या सभागृहाला आपण मत का देत नाही? उत्तर सोपे आहे. तिथे आमदार मत देतात आणि आमदाराला आपण निवडतो. पण आपले मत असे वळसा घालून का होईना तिथे पोहोचते, हीसुद्धा १९५२ नंतरची गोष्ट आहे. त्याआधी हे वरिष्ठ सभागृह कोणाचे होते ते पाहायचे तर सर माणेकजी बैरामजी दादाभॉय यांची माहिती करून घ्यावी. आपल्या घरांत हे नाव सहसा कोणी घेत नाही. नागपूरच्या जुन्या गिरणी कामगारांच्या घरात कोणाला ठाऊक असले तर असेल.

माणेकजी पारशी. जन्म मुंबईचा, १८६५ सालचा. विलायतेत जाऊन १८८७ मध्ये ते बॅरिस्टर झाले. मुंबईत बॅरिस्टरांची गर्दी होती, म्हणून की काय, त्यांनी नागपूर गाठले आणि १८९१ मध्ये ते मध्य प्रांताचे सरकारी वकील झाले. वकिली हा त्या काळी धंद्यात शिरायचा राजमार्ग होता. जमीन कोणाची, खाणीचा पट्टा कोणाला, कोणती कंपनी अडचणीत आहे, हे सगळे कागद आधी वकिलाच्या टेबलावर येत. ज्याच्याकडे बुद्धी आणि भांडवल दोन्ही असे, तो काही वर्षांत अशिलांच्या शेजारी भागीदार म्हणून बसलेला दिसे. माणेकजींचेही तसेच झाले. कोळसा आणि मँगनीजच्या खाणी, नागपूरची मॉडेल मिल, नागपूरची वीज कंपनी असा त्यांचा पसारा वाढत गेला.

पुढे ते कायदेमंडळात गेले. १९११ साली त्यांनी बड्या लाटसाहेबांच्या कौन्सिलात देशी गिरण्यांच्या कापडावरील जकात रद्द करा, असा ठराव मांडला. ही साडेतीन टक्के जकात इंग्रज सरकारने १८९६ पासून बसवली होती. मँचेस्टरच्या कापडाला इथे स्पर्धा नको, हे त्यामागचे खरे कारण. ठराव फेटाळला गेला. जकात उठायला पुढे जवळजवळ पंधरा वर्षे लागली. ठरावात गिरणीमालकाचा स्वार्थ होता हे खरे, पण मागणी न्याय्य होती हेही आम्ही मान्य करतो.

१९१९ च्या कायद्याने दिल्लीत दोन सभागृहे झाली. त्यांतले वरचे ते ‘कौन्सिल ऑफ स्टेट’. सभासद जास्तीत जास्त साठ. मतदार किती असतील? साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून सुमारे सतरा हजार! मोठा प्राप्तिकर, मोठा शेतसारा किंवा तसाच काही मान असल्याखेरीज यादीत नाव येत नसे. १९२४ च्या मे महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेसाठी आमच्या बार्शीत आले होते. त्या मांडवात बसलेल्या आपल्या आजा-पणज्यांत या सभागृहाचा एक तरी मतदार असेल काय? आम्हाला तर शंकाच वाटते. माणेकजी या सभागृहात होते आणि १९३३ पासून १९४६ पर्यंत त्याचे अध्यक्षही होते. अध्यक्षाची नेमणूक व्हाइसरॉय करी.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण आम्ही स्वतः कॉमर्सचे विद्यार्थी. १९२५ मध्ये रुपयाचा प्रश्न सोडवायला हिल्टन यंग कमिशन आले. माणेकजी त्याचे सभासद. त्याच कमिशनपुढे डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांनी साक्ष दिली. टेबलाच्या एका बाजूला खाणी-गिरण्यांचे मालक, दुसऱ्या बाजूला पोयबावाडीच्या चाळीत राहिलेला अर्थशास्त्रज्ञ. वाद होता तो रुपयाची किंमत सोळा पेन्स ठेवावी की अठरा. रुपया स्वस्त ठेवला तर परदेशी माल महाग पडतो आणि कापूस बाहेर पाठवणाऱ्याच्या हाती जास्त रुपये येतात. म्हणून व्यापारी आणि गिरणीवाले सोळा पेन्सवर अडून बसले होते. बाबासाहेबांनी मुद्दा मांडला की रुपया स्वस्त झाला की भाव चढतात, मजुरी मात्र मागेच राहते. म्हणजे धंदेवाल्याचा हा नफा पगारावर जगणाऱ्याच्या खिशातून निघतो. बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्या आमच्या माताभगिनींना हे अर्थशास्त्र समजावून सांगावे लागत नाही.

१९२६ च्या अहवालाने अठरा पेन्सची शिफारस केली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी तेवढी विरोधाची वेगळी टिपणी जोडली. माणेकजी बहुमतासोबत राहिले. स्वतः गिरणीवाले असून त्यांनी सोळा पेन्सचा हट्ट धरला नाही. त्यामागे तत्त्व होते की सरकारची मर्जी, हा निवाडा वाचकांनीच करावा. १९३१ च्या गोलमेज परिषदेतही माणेकजी आणि बाबासाहेब दोघे होते. एक भांडवलाच्या बळावर गेलेला, दुसरा अस्पृश्यांची कैफियत घेऊन.

माणेकजी १९५३ मध्ये वारले. तोवर जुने कौन्सिल जाऊन राज्यसभा आली होती. उमेदवाराला तीस वर्षे पूर्ण हवीत. प्राप्तिकराची आणि जमिनीची अट गेली. लोकसभेच्या निवडणुकीत पडलेले बाबासाहेब १९५२ मध्ये मुंबई राज्यातून याच राज्यसभेवर निवडून गेले आणि १९५६ मध्ये महापरिनिर्वाणापर्यंत तिथे सभासद राहिले.

आणि नागपूरच्या शेजारच्या चांद्याचे बॅ. राजाभाऊ खोब्रागडे! तेही बॅरिस्टर, तेही विलायतेत शिकलेले. १६ ऑक्टोबर १९५६ चा चांद्याचा धम्मदीक्षा सोहळा त्यांच्याच पुढाकाराने झाला. रिपब्लिकन पक्षातर्फे ते राज्यसभेवर गेले आणि डिसेंबर १९६९ मध्ये उपसभापती झाले. एप्रिल १९७२ पर्यंत त्या पदावर होते. सभापती नसत तेव्हा त्या उंच खुर्चीत बसून मंत्र्यांना ‘आता आपण खाली बसावे’ असे सांगण्याचा अधिकार या दीक्षा घेतलेल्या बॅरिस्टराकडे होता. त्यांना या खुर्चीवर व्हाइसरॉयने नेमले नव्हते, सभागृहाने निवडले होते.