नळी आणि गोळीची पत्रिका

देवळाली कॅम्पात तुमचा कुणी मित्र राहत असेल, तर त्याला विचारून बघा. तोफांचा धडाम् आवाज आला तरी त्याच्या घरात कुणी दचकत नाही. स्कूल ऑफ आर्टिलरीच तिथे आहे ना! पण त्या धडाम्-मागचा एक फंडा बहुतेकांना ठाऊक नसतो. एकाच मॉडेलच्या दोन तोफा घ्या, कोन तोच, दारूगोळा तोच. तरी गोळे एका जागी पडत नाहीत. प्रत्येक नळीचा स्वभाव वेगळा, दारूच्या प्रत्येक लॉटचा वेगळा. तो आधी मोजून ठेवावा लागतो, मगच नेम.

रायफलचंही अगदी तसंच. परदेशात मोठ्या बोअरची शिकारी रायफल बाळगणारे हौशी लोक यावर अख्खे वीकेंड घालवतात. वापरलेलं पितळी काडतूस साफ करायचं, नवा प्रायमर बसवायचा, काट्यावर दारू तोलायची आणि वर गोळी दाबायची. मग दारू चिमूटभर कमी-जास्त करत कागदावर फायर करायचं आणि कुठल्या मापाला छिद्रं एकमेकांना सगळ्यांत जवळ पडतात ते बघायचं. आपल्याकडे हे विसरा, बॉस. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं फुलस्टॉप दिला आणि लायसन्सशिवाय घरी काडतुसं भरणं हा शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे.

मग नाशिककरांनी हे का वाचायचं? कारण स्वप्नील कुसळे! कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा नेमबाजी शिकला ती नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ त्यानं जिंकलं. या प्रकारातलं भारताचं ते पहिलं ऑलिंपिक मेडल. तेव्हा तो मध्य रेल्वेत टीसी होता. (हो, धोनीसारखाच!)

फायनलमध्ये त्याचा स्कोअर होता ४५१.४, तोही ४४ गोळ्यांत. म्हणजे सरासरी १०.२६. आता हे १०.२६ म्हणजे नक्की काय ते बघा. पन्नास मीटरवरच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. बरोब्बर मध्यावर लागली तर १०.९. तिथून पुढे दर ०.८ मिलिमीटरला दशांश एक पॉइंट कटतो. आठ मिलिमीटर सरकलात की जेमतेम १०, त्यापुढे नऊचा आकडा सुरू.

आता गोळीकडे या. .२२ ची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगानं सुटते आणि टार्गेटपर्यंत जाताना बारा-एक सेंटिमीटर खाली येते. साइट त्या हिशोबानंच लावलेली असते. समजा एखादी गोळी सेकंदाला फक्त दहा मीटर हळू सुटली. ढोबळ हिशोबानं ती आणखी सात-आठ मिलिमीटर खाली लागणार. श्वास रोखलेला, ट्रिगर लोण्यासारखा दाबलेला, नेम बरोब्बर मध्यावर आणि स्क्रीनवर १०.०! चूक कुणाची? कुणाचीच नाही. दारूचा एखादा कण इकडचा तिकडे झाला, एवढंच.

शिकारी रायफलवाला निदान स्वतः दारू तोलू शकतो. .२२ वाल्याला तीही सोय नाही. या काडतुसाचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. पिन त्या कडेला चेपते, म्हणून ते पुन्हा भरण्याची भानगडच नाही. कंपनीनं जे दिलं ते घ्यायचं. उरतं एकच, निवड. त्यासाठी जगभरातले टॉपचे नेमबाज आपली रायफल घेऊन थेट इलाय, आरडब्ल्यूएस, लापुआ अशा कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर जातात. तिथे रायफल शिकंज्यात आवळतात, म्हणजे माणसाचा हात मधे नको. मग एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या. कंपनी तीच, डबा तोच, किंमत तीच, फक्त लॉट नंबर वेगळा. आणि एका लॉटचा ग्रुप बटणात मावतो, दुसऱ्याचा पसरतो! गंमत म्हणजे शेजारच्या खेळाडूच्या नळीला नेमका तो दुसरा लॉट आवडलेला असतो. छत्तीस गुण जुळलेला लॉट सापडला की तो तिथेच बुक.

इथे एक ट्रॅप आहे. पाच गोळ्या सुरेख जवळ पडल्या की लगेच खूश व्हायचं नाही. एकाच डब्यातून पाच-पाचचे चार ग्रुप मारलेत, तर त्यातला एक दुसऱ्याच्या दीडपट सहज निघेल. निव्वळ नशीब! ऑफिसात एका आठवड्याच्या सेल्स फिगरवर पार्टी करणारा बॉस आठवतोय ना? तीच गत.

पण ही सगळी चैन पोचलेल्यांची. युरोपचं तिकीट, रायफल विमानात न्यायची परवानगी, वर हजारोंच्या संख्येनं गोळ्यांची एकरकमी ऑर्डर. स्वप्नीलच्या वडिलांनी, ते शिक्षक, मुलाच्या खेळासाठी कर्ज काढलं होतं. अशा घरातलं पोर लॉट कुठला ते बघत नाही, किती गोळ्या उरल्यात ते मोजतं. नऊ आला की कोच म्हणतो ट्रिगर खेचलास आणि पोर मान डोलावतं. खरंच खेचला होता की गोळीच हळू होती, हे सांगणारी टेस्ट त्याच्या आवाक्यात नसते. मला विचाराल तर मेडल आल्यावर कोटींची बक्षिसं जाहीर करणाऱ्यांनी आधी इथे खिसा हलका करावा. राज्यात एक शिकंजा, एक वेग मोजायचं यंत्र आणि थोडे वेगवेगळे लॉट, एवढी सोय झाली तरी कितीतरी पोरांचं भलं होईल.

तोवर जुगाड. एअर रायफल शिकायला जात असाल तर हे तुम्हालाही जमेल. छऱ्यांच्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, ते छऱ्याच्या डोक्याचं माप. क्लबातल्या चौघांनी मिळून तीन प्रकारचे डबे घ्या. रायफल टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवा आणि प्रत्येकातले दहा-दहा छरे मारा, एकदा नाही, तीन-तीनदा. कागद फेकू नका. मागे तारीख, डब्याचा नंबर आणि रायफलचा नंबर लिहून फाइलला लावा. डबा संपत आला की दुकानात नुसतं ‘तेच द्या’ म्हणू नका. फाइल सोबत न्या.