दर शंभर मीटरला एक थेंब

१,००० किलोमीटरला ०.५ लिटर. स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या गाड्यांबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत इंजिन ऑइलच्या खपाची ही कमाल मर्यादा छापलेली असते. गाडी नवी असताना पहिले ५,००० किलोमीटर खप याहून जास्तही असू शकतो, असं स्कोडाची पुस्तिका सांगते. बीएमडब्ल्यूने अमेरिकेत सांगितलेली मर्यादा ७५० मैलांना एक क्वार्ट आहे. आपल्या मापात ती १,००० किलोमीटरला सुमारे ०.७८ लिटर होते, आणि ‘एम’ मालिकेतल्या वेगवान गाड्या त्यातून वगळलेल्या आहेत. त्यांना आणखी मुभा.

एका मिलिलिटरचे साधारण २० थेंब धरले तर अर्ध्या लिटरचे १०,००० थेंब होतात, म्हणजे दर १०० मीटरला एक. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत दर ३ सेकंदांना एक थेंब संपला, तरी कंपनीच्या लेखी इंजिन ठणठणीत. एवढं ऑइल चार सिलिंडरांत विभागून जळतं, त्यामुळे मागे निळा धूरही बहुधा दिसत नाही.

आता हा हिशेब भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीहून मांडू. राष्ट्रीय महामार्ग ५३ने नागपूर सुमारे ८० किलोमीटर, तिथून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत समृद्धी ७०१. जाऊन-येऊन १,५६० किलोमीटरच्या आसपास. मर्यादेच्या दराने या एका फेरीत ०.७८ लिटर ऑइल संपतं. डिपस्टिकवरच्या वरच्या आणि खालच्या खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत सुमारे १ लिटरचं असतं. निघताना पातळी मधोमध असेल, तर परतताना शिर्डी मागे पडून छत्रपती संभाजीनगर यायच्या आत ती खालच्या खुणेला टेकते. पुढचे पाचशेहून अधिक किलोमीटर गाडी त्या खुणेखाली चालते. वेगातल्या वळणावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर चेंबरमधलं ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढू लागतो. टर्बोच्या बेअरिंगला अशा वेळी काही सेकंदांची उपासमारही महागात पडते.

सर्व्हिसचं अंतर धरलं तर चित्र आणखी विचित्र होतं. १५,००० किलोमीटरला ०.५च्या दराने ७.५ लिटर. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस२४५ ही गाडी २०२० साली भारतात फक्त २०० नगांत आली. २४५ अश्वशक्ती देणाऱ्या तिच्या २ लिटर टर्बो इंजिनात ऑइल मावतं सुमारे ५.७ लिटर. म्हणजे दोन सर्व्हिसच्या मध्ये जेवढं जळणं ‘सामान्य’ मानलंय, ते भरलेल्या एकूण ऑइलपेक्षाही जास्त आहे. सर्व्हिसलाच ऑइल बघू, असं म्हणणाऱ्या मालकाला ही पुस्तिका वाचवत नाही. ०.५ हा आकडा वॉरंटीची सीमा आखतो. त्यावरून इंजिनाची तब्येत कळत नाही.

लाखनीतून रात्रंदिवस जाणाऱ्या ट्रकांशी तुलना केली की हे नीट उमगतं. इंजिन बनवणारे ऑइलचा खप इंधनाच्या टक्केवारीत मोजतात. लिटरला १० किलोमीटर देणारी पेट्रोल कार १,००० किलोमीटरला १०० लिटर इंधन घेते. अर्धा लिटर ऑइल म्हणजे इंधनाच्या ०.५ टक्के. आधुनिक जड डिझेल इंजिनात हे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतं. लिटरला साडेतीन-चार किलोमीटर जाणारा भरलेला ट्रक त्या हिशेबाने १,००० किलोमीटरला पाव लिटरच्या जरासं वर ऑइल खाईल, तेही पंधरा-वीस लिटरांच्या चेंबरमधून. आणि ट्रकवाला डिपस्टिक ओढून बघतो. महागड्या कारचा मालक बॉनेटही उघडत नाही. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांत तर डिपस्टिकच नाही, पातळी पडद्यावर बघायची.

वेगवान गाडी ऑइल जास्त का खाते? पिस्टनच्या खालच्या रिंगचं काम भिंतीवरचं ऑइल खरवडून परत चेंबरमध्ये पाठवायचं. पण भिंत पूर्ण कोरडी झाली तर रिंग घासेल, म्हणून काही मायक्रॉनचा थर मागे ठेवावाच लागतो, आणि तो प्रत्येक स्फोटात थोडा जळतो. ताकदवान इंजिनांत अनेकदा फोर्ज्ड पिस्टन असतात. ते तापल्यावर जास्त फुगतात, म्हणून थंड असताना फट मोठी ठेवतात. इंधन वाचावं म्हणून रिंगांचा ताणही कमी केलेला असतो. टर्बोमुळे सिलिंडरमधला दाब वाढतो, रिंगांच्या कडेने वायू खाली निसटतो आणि ब्रीदरमधून ऑइलची वाफ घेऊन पुन्हा इनटेकमध्ये येतो. वेगात ॲक्सिलरेटर अचानक सोडला की इनटेकमधला निर्वात ऑइल वर ओढतो.

शिवाय ऑइल नुसतं उडूनही जातं. नोॲक चाचणीत ते २५० अंश सेल्सिअसला तासभर ठेवून घट मोजतात. युरोपच्या ए३/बी४ दर्जासाठी ही घट १३ टक्क्यांच्या आत हवी. एकाच ग्रेडच्या दोन डब्यांत हा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून नुसतं ‘५डब्ल्यू-४०’ वाचून भागत नाही. पुस्तिकेतला मंजुरी क्रमांक डब्यावर शोधायचा. विदर्भातल्या उन्हाळ्यात ‘जाड ऑइल टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. तो या इंजिनांना मानवणारा नाही. मे महिन्यातले ४५ अंश बाहेरच्या हवेचे. ऑइल एरवीही शंभरच्या आसपास तापलेलंच असतं.

काही इंजिनांत हा खप मुद्दाम ठेवलेला असतो. माझ्दा आरएक्स-८च्या रोटरी इंजिनात सील ओले राहावेत म्हणून पंप स्वतःच ऑइल आत सोडतो. फॉर्म्युला वनमध्ये ऑइल जाळून जादा ताकद काढल्याच्या संशयामुळे २०१८ साली १०० किलोमीटरला ०.६ लिटर अशी मर्यादा घातली गेली, म्हणजे आपल्या पुस्तिकेच्या बारा पट. काही ठिकाणी मात्र दोष रचनेत होता. अमेरिकेत २००९पासूनच्या काही ऑडी ए४ आणि ए५मधल्या २ लिटर टर्बो इंजिनांच्या खपाचा वाद कोर्टात गेला आणि तडजोडीने मिटला. दुरुस्ती होती नवे पिस्टन आणि रिंगा. त्याच घराण्यातली १.८ लिटर इंजिनं छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जोडल्या जाणाऱ्या स्कोडा लॉरा आणि सुपर्बमध्ये होती. जुनी सुपर्ब स्वस्तात घेणाऱ्याने आधी हा खप विचारावा.

पैशाने बघितलं तर नुकसान मोठं नाही. लिटरला हजार रुपये धरले तरी १५,००० किलोमीटरला साडेसात हजार. तेवढ्यात पेट्रोल दीड लाखाचं लागतं. खरी झळ बसते ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला. ऑइलमधलं फॉस्फरस त्यावर बसून त्याला निकामी करत जातं.

म्हणून आपला आकडा आपणच काढावा. सपाट जागा, गरम इंजिन, बंद केल्यावर काही मिनिटं थांबून मोजणी, आणि किती मिलिलिटर टाकलं त्याची किलोमीटरसह नोंद. २,४०० किलोमीटरला ३०० मिलिलिटर लागलं तर दर १,०००ला १२५. एक गफलत मात्र टाळावी. लाखनी ते साकोली अशा छोट्या फेऱ्यांत, विशेषतः थंडीत, थोडं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतं आणि पातळी कमी झालेली दिसतच नाही. मग लांबच्या पहिल्याच प्रवासात ते पेट्रोल उडून जातं आणि ऑइल एकदम प्यायल्यासारखं वाटतं. म्हणून सलग दोन-तीन हजार महामार्गी किलोमीटरांवरचाच दर धरावा. १२५ वर्षभर १२५च राहिला तर काळजी नाही, पण सहा महिन्यांत तो ३०० झाला तर मर्यादा ओलांडायची वाट न बघता ब्रीदर, टर्बो आणि व्हॉल्व्ह सील तपासून घ्यावेत. तेव्हा १ लिटरची सगळी शिल्लक ३,३०० किलोमीटरांत संपत असते, त्यामुळे डिपस्टिक दर हजार किलोमीटरला बघायची.