जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स: आधी काय तपासायचं, मग काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. कॉम्प्युटर चालू राहतो, पण वेगळी नोंदणी केली नाही तर सुरक्षेचे नवीन अपडेट येत नाहीत. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या घरचा कॉम्प्युटर सहाव्या पिढीचा आय-३, रॅम ४ जीबी. म्हणजे तो बाद! पण मशीन ठणठणीत आहे, मग भंगारात का द्यायचं? मी त्यावर लिनक्स मिंट टाकलं.

लिनक्स म्हणजे काय?

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला हा कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि अ‍ॅप्स यांच्यामधला दुवा. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या आतही लिनक्स कर्नलच आहे. कर्नलवर डेस्कटॉप, ब्राउझर वगैरे जोडून जे तयार पॅकेज मिळतं त्याला डिस्ट्रो म्हणतात. मिंट हा त्यातलाच एक. फुकट आहे आणि मेनू विंडोजसारखाच खाली डाव्या कोपऱ्यात असतो. रॅम कमी असेल तर त्याची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे.

आधी घरच्यांना विचारा

कॉम्प्युटर एकट्या तुमचा नसतो. कोण काय वापरतं याची यादी करा. ब्राउझर, यूट्यूब, कोडिंग, पीडीएफ यात काहीच अडचण नाही. वर्ड-एक्सेलच्या फाइल लिबरऑफिसमध्ये उघडतात, फक्त मांडणी कधीकधी थोडी हलते. पण टॅली, फोटोशॉप आणि व्हॅलोरंट लिनक्ससाठी बनलेले नाहीत.

मराठीचं काय? युनिकोड मराठी छान दिसतं, कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी जोडून टाइपही करता येतं. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या फाइल मात्र तो फॉन्ट नसेल तर भलत्याच अक्षरांत दिसतात. त्या आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आता स्टेप्स

१. फोटो, मार्कशीट, हिशेब सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा आणि तिथून एक-दोन फाइल उघडून बघा. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा.

२. मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल उतरवा आणि रुफस वापरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, लक्षात ठेवा.

३. कॉम्प्युटर रीस्टार्ट करून बूट मेनूची की दाबा. डेल आणि लेनोवोवर बहुतेक एफ१२, एचपीवर एफ९. यादीतून पेनड्राइव्ह निवडा.

४. आता मिंट थेट पेनड्राइव्हवरून चालेल. याला लाइव्ह मोड म्हणतात. हार्डडिस्कवर अजून काहीच बदललेलं नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर, कॅमेरा इथेच तपासा. काही चाललं नाही तर पेनड्राइव्ह काढा, रीस्टार्ट करा, विंडोज जसंच्या तसं परत!

५. सगळं चाललं तरच इन्स्टॉल करा. इथे दोन पर्याय दिसतात: विंडोजच्या शेजारी मिंट, किंवा डिस्क पुसून फक्त मिंट. दुसरा निवडून पुढे गेलात की जुना डेटा गेलाच समजा. म्हणून पहिली स्टेप चुकवू नका.

बाबांना टॅली लागतं, म्हणून मी पहिला पर्याय घेतला. विंडोज फक्त हिशेबापुरतं, तेही इंटरनेट बंद ठेवून. बँकिंग आणि बाकी सगळं मिंटवर.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, लिनक्स टाकलं म्हणून जुनी हार्डडिस्क वेगाने पळत नाही. थोडे पैसे खर्च करता येत असतील तर आधी एसएसडी बसवा, फरक लगेच दिसेल. आणि घाई करू नका. आठवडाभर लाइव्ह मोड वापरून बघा, घरच्यांनाही वापरू द्या, मगच ठरवा.