एक ग्रॅमचे दागिने : घ्या हौसेने, पण धरू नका बचतीत



दोन महिन्यांपूर्वी एका गटाच्या बैठकीत एक ताई गप्प गप्प बसल्या होत्या. मुलीचा नर्सिंगला नंबर लागला होता आणि फी भरायची होती. "कर्ज नको, माझ्या एक ग्रॅमच्या पाटल्या आहेत, त्या मोडते," असं त्या आधीच्या बैठकीत म्हणाल्या होत्या. पण सराफाने पाटली आतल्या बाजूने जराशी घासली, तर खाली लालसर तांबं दिसलं. "याला मोड येत नाही," म्हणून त्याने पाटल्या परत दिल्या.

ताईंनी त्या २०२१ मध्ये घरी येणाऱ्या विक्रेतीकडून हप्त्याने घेतल्या होत्या. किंमत जवळपास एक ग्रॅम सोन्याच्या भावाइतकी. "एक ग्रॅम म्हणजे आत एक ग्रॅम सोनं असणारच," असं त्यांना वाटलं. खरं सांगते, मलाही तोवर तसंच वाटत होतं. शेवटी गटाने अंतर्गत कर्ज दिलं आणि फी भरली गेली. पण हा घोळ आणखी कुणाचा होऊ नये, म्हणून हा लेख.

किती सोनं असतं?

'एक ग्रॅम' हे बाजारातलं नाव आहे, वजन नव्हे. तांबं किंवा पितळेच्या दागिन्यावर विजेच्या साहाय्याने सोन्याचा पातळ थर चढवतात. त्यालाच आपण मुलामा, पॉलिश किंवा सोन्याचं पाणी म्हणतो. हा थर मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

हिशोब करून बघू. एक सेंटीमीटर रुंदीच्या दोन पाटल्यांवर अर्धा मायक्रॉन सोनं चढवलं, तर ते साधारण ९० मिलीग्रॅम भरतं. एक गुंज साधारण १२० मिलीग्रॅमची. म्हणजे दोन्ही पाटल्यांवर मिळून गुंजभरही सोनं नाही! बऱ्याच स्वस्त दागिन्यांवर थर याहून पातळ असतो, आणि काहींवर तर फक्त सोनेरी रंग असतो.

घेताना काय विचारायचं?

- खाली धातू कोणता? तांबं, पितळ की चांदी? कान खाजत असतील, पाणी सुटत असेल तर निकेल नसलेलं मागा. बऱ्याच जणींना निकेलचा त्रास होतो.
- थर किती मायक्रॉनचा? जाड थर जास्त टिकतो. सणापुरत्या हाराला पातळ थर चालेल. रोजच्या बांगड्या-मंगळसूत्राला जाड घ्या, कारण ते सतत घासले जातात.
- गॅरंटी कशाची? रंगाची की तुटण्याची, किती महिन्यांची, पुन्हा पॉलिश करून देणार का, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी गॅरंटी धरू नका.
- घड्याळ घेताना मागे 'स्टेनलेस स्टील बॅक' लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ फक्त मागचं झाकण स्टीलचं. बाकीची केस पितळेची किंवा दुसऱ्या धातूची असू शकते, ती मनगटाजवळ लवकर उघडी पडते. पूर्ण स्टीलची केस आणि त्यावर 'पीव्हीडी' पद्धतीचा सोनेरी थर असेल तर ते जास्त टिकतं.

जपायचं कसं?

सोनं काळं पडत नाही. थर झिजला की खालचं तांबं-पितळ घामाने काळं-हिरवं पडतं. म्हणून थर झिजू द्यायचा नाही, एवढंच ध्यानात ठेवा.

- आधी पावडर, तेल, अत्तर. दागिना सगळ्यात शेवटी. काढताना मात्र सगळ्यात आधी.
- भांडी, धुणं, अंघोळ, शेतात फवारणी, या वेळी काढून ठेवा.
- काढल्यावर मऊ सुती कापडाने घाम पुसा, कोरडं झाल्यावरच डबीत ठेवा. प्रत्येक नग वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत.
- टूथपेस्ट, राख, चिंच, भांड्यांची पावडर यांनी कधीच घासू नका. चकाकी येते, पण थर जातो.
- घड्याळाचा पट्टा आतून पुसा. घाम तिथेच साचतो.

दारावरच्या पॉलिशवाल्याला दार उघडू नका

मुलाम्याचा दागिना असो की खरं सोनं, "फुकटात चमकवून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका. काही जण दागिना आम्लात बुडवतात. त्यात सोनं विरघळतं, दागिना चमकतो आणि वजन घटतं. पॉलिश करायचंच असेल तर ओळखीच्या सराफाकडे, समोर वजन करून.

खरं सोनं घ्यायचं असेल तर

हॉलमार्क बघा: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा क्रमांक लागतोच. मोबाईलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की माहिती दिसते. २ ग्रॅमपेक्षा हलक्या नगाला हॉलमार्कची सक्ती नाही, तिथे पक्की पावती तरी घ्याच.

आपल्या गटांसाठी

काही गट असे दागिने विकतातही. चांगला धंदा आहे. पण बिलावर 'सोन्याचा मुलामा, मोड नाही' असं स्पष्ट लिहा. गिऱ्हाईक आपलीच बहीण असते.

मुलाम्याचा दागिना घालण्यात कमीपणा काही नाही. मीही घालते. चोरीची धास्ती नाही, लग्नात हौसही होते. फक्त वहीत तो खर्चाच्या बाजूला लिहा, बचतीच्या नाही. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या दागिन्यांची पावती आणावी. कुठला सोन्याचा, कुठला मुलाम्याचा, हे अडचणीच्या दिवशी सराफाच्या दुकानात कळण्यापेक्षा आपल्या बैठकीत कळलेलं बरं.