भिंतीलगतचं खोकं

मार्गशीर्षातली संध्याकाळ. साडेसहा वाजलेत. जालना एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या घरासमोर मी रिक्षातून उतरते आहे. हातात टॉवेलनं झाकलेला पिंजरा. आत राखी. वाटेत ती एकदाही ओरडलेली नाही, कूसही बदललेली नाही. गप्प मांजर म्हणजे शांत मांजर, असं पूर्वी मलाही वाटायचं. टॉवेलची कड उचलून पाहते. बुबुळं डोळाभर पसरलेली, कान मागे चिकटलेले, अंग पिंजऱ्याच्या तळाशी दाबलेलं. भीतीनं ती गोठून गेली आहे.

घराची मागची भिंत आणि रोलिंग मिलचं कंपाउंड यांत जेमतेम चार हातांचं अंतर आहे. मिल चालू आहे. तापून लाल झालेली सळई रोलमधून सुटून जाते तेव्हाचा सूंऽऽ आवाज, मग कापणाऱ्या पात्याची किंकाळी, मग थंड झालेल्या सळ्या एकमेकींवर पडतानाचा खणखणाट. पुन्हा तेच. बोलायचं तर ओरडावं लागतं.

"या ताई, आत या," मावशी म्हणतात. मामा नुसते हात जोडतात. मामांनी 26 वर्षं भट्टीवर काढली. कानांनी त्यांना आता फारसं ऐकू येत नाही.

मागची खोली मामांनी तयार ठेवली आहे. खिडकीला दोन पदरी जाळी, पलंगाखालची फट विटा लावून बंद. कोपऱ्यात पसरट घमेलं, त्यात वाळू. आमच्या निवाऱ्यातली राखीची वापरलेली मूठभर वाळू मी पिशवीतून आणली आहे, ती त्यात मिसळते. अनोळखी जागेत तिला आपला म्हणून एवढा एकच वास असणार. भिंतीलगत टीव्हीचं रिकामं खोकं आडवं ठेवलंय, एका बाजूला मांजर जाईल एवढं भोक. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली निवाऱ्यात नव्यानं आलेल्या मांजरांवर अभ्यास केला होता. काहींना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकं मिळालेली मांजरं लवकर सावरली. तेव्हापासून मी भंगारवाल्याकडून खोकी मागून आणते.

पिंजऱ्याचं दार खोक्याच्या भोकाला लावून मी बाजूला होते. मिनिटभर काहीच नाही. मग एक करडी रेघ सर्रकन आत जाते. राखेच्या रंगाची म्हणून राखी.

भंगाराच्या ढिगात ती सापडली. एका कंपनीच्या वजनकाट्यावर काम करणारा मुलगा आमच्याकडे येतो, त्यानं आधी तिला पाहिलं. ट्रकमधून उतरलेलं भंगार मॅग्नेटनं उचलून भट्टीकडे नेतात, आणि त्या ढिगाखाली ही राहत होती. पकडली तेव्हा पाचेक महिन्यांची होती. तोवर तिला माणसाचा हात लागला नव्हता, आणि गाठ तिथेच आहे. अमेरिकेत टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी पिल्लांवर केलेल्या कामातून दिसलं की दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लाला माणसं हाताळतात ते पिल्लू पुढे माणसाजवळ येतं. नंतर ते दार पुष्कळसं लोटलं जातं. राखीला कुणी मारलेलं नाही, छळलेलं नाही. माणूस हा प्राणी तिच्या ओळखीतच नव्हता. लोक विचारतात, "कुणी त्रास दिला होता का हिला?" तेव्हा मला हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

आमच्याकडे ती सात महिने होती. शस्त्रक्रिया झाली, लसी झाल्या. बाकीची मांजरं एकेक करून गेली. पाहायला येणाऱ्यांच्या मांडीवर जे चढतं ते आधी जातं, आणि राखी माणूस दिसला की फळीमागे. एका घरानं तरीही तिला नेली. शहरात, तिसऱ्या मजल्यावर, अगदी शांत घर. मीच निवडलं होतं. भित्र्या जिवाला शांत घर हवं, हे मला इतकं उघड वाटलं होतं की दुसरा विचारच केला नाही. नवव्या दिवशी त्यांचा फोन आला. राखी माळ्यावर चढून बसली होती, जेवण जवळजवळ बंद होतं. कुकरची शिट्टी, दाराची कडी, वरच्या मजल्यावर सरकलेली खुर्ची, प्रत्येक आवाजाला ती दचकत होती. त्या घरात चूक कुणाचीच नव्हती. ज्यांनी नेली त्यांनी रडत परत आणून दिली. त्या रात्री काट्यावरचा मुलगा म्हणाला, "ताई, ती आवाजातच जन्मली ना. तिला शांततेचीच सवय नाही."

मधे एका बियाण्याच्या गोदामातूनही विचारणा आली. जालना म्हणजे लोखंड आणि बियाणं. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको सुरू केली, मागून बियाण्यांच्या आणखी कंपन्या आल्या, गोदामं आली, आणि गोदाम म्हटलं की उंदीर. माणसं भली होती. रोज दूध देऊ म्हणाली. हात न लावता राहू देणारी जागा, मलाही मोह झाला. पण पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते खाण्याचं नाही हे कळावं म्हणून त्याला गुलाबी-लाल रंग देतात. मांजर दिवसभर पंजे चाटतं. शिवाय उंदरांचं औषध खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजराच्या तावडीत सगळ्यात सोपा सापडतो. मी नाही म्हटलं.

आणि मग मावशी. त्यांच्या घरचा म्हातारा बोका वैशाखात गेला. निवाऱ्यात आल्या त्या दिवशी त्यांनी कुठलंच मांजर मागितलं नाही. फळीकडे पाठ करून भुईवर बसल्या, पिशवीतून कापूस काढला आणि वाती वळायला लागल्या. तासभर बसल्या. उठताना म्हणाल्या, "ही मागं बसली ती द्या मला. हिला काय बोलायचं नसंल तर मलाबी काही घाई नाही."

आत्ताही मावशी तशाच बसल्यात. खोक्यापासून थोड्याच अंतरावर, खोक्याकडे पाठ. मांडीवर कापूस, बाजूच्या बशीत चिमूटभर राख. दोन बोटांना राख लावतात, कापूस ओढतात, तळव्यावर पीळ देतात. लाख वातींचा नेम केलाय त्यांनी. शंभराची जुडी झाली की दोऱ्यानं बांधून डब्यात टाकतात.

मी सूचना ओरडून सांगते, मामांसाठी कागदावरही लिहून आणल्यात. महिनाभर याच खोलीत ठेवायचं, बाहेर सुटली तर ती थेट भंगारात जाणार. खोक्यात हात घालायचा नाही. टक लावून बघायचं नाही. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी 2020 मध्ये हे करून पाहिलं, मांजरं तशीच डोळे मिटून उत्तर देतात. ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. राखीला रेबीजची लस दिलेली आहे, तरीही. ओळीन् ओळ वाचून मामा कागद देवाच्या तसबिरीमागे खोचतात.

मावशी थोडी सुकट भाजून वाटीत घालतात आणि वाटी आपल्या पाठीमागे, खोक्याच्या बाजूला सरकवतात. वास खोलीभर पसरतो. खोक्यात हालचाल नाही. मी दाराशी, भिंतीला टेकून. सात वाजतात. साडेसात. मावशींची एक जुडी होते, दुसरी सुरू.

आठला दहा कमी असताना लाइट जाते.

अंधाराच्या मागोमाग मिलही बसते. इतका वेळ आवाजाला टेकून बसले होते हे आत्ता कळतं. गल्लीतली माणसं ऐकू येतात, कुणाच्या तरी तव्यावर उलथनं वाजतं, लांब कुत्रं भुंकतं. आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर नखं करकरतात. राखी कोपऱ्यात आणखी मागे सरकते आहे. मावशी उठत नाहीत. टॉर्च मागत नाहीत. समोरच्या जुडीतली एक वात ओढून घेतात, निरांजनात तेल ओततात, लावतात. भोकाच्या आत दोन हिरवट ठिपके पेटतात आणि लगेच नाहीसे होतात.

"भेव वाटायलं तिला," मावशी कुजबुजतात. आता कुजबुजलेलं ऐकू येतं.

सव्वाआठला लाइट येते. मी खोक्याकडे बघते. काही नाही. ट्यूब लागलेली, पंखा फिरतोय, मिल मात्र बंदच. एकदा बसली की अडकलेलं लोखंड काढल्याशिवाय ती चालू होत नाही, हे मामांनी मला मघाशी सांगितलंय. वाटीतली सुकट तशीच आहे. मी मनात त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पोचलेली. नऊ दिवस, माळा, बंद झालेलं जेवण. हेही चुकलं का?

मामा उठतात, मागच्या भिंतीवर उजवा तळवा ठेवतात. थांबतात. मग माझ्याकडे वळून मान हलवतात. मला काहीच ऐकू आलेलं नाही. आणखी काही क्षणांनी दुरून घरघर सुरू होते, वाढते, जमिनीतून तळपायांना जाणवते. आणि सूंऽऽ. पहिली सळई सुटली. पात्याची किंकाळी. खणखणाट.

भोकातून नाक बाहेर येतं. मग मिशा. मग एक करडा पंजा, जमिनीवर टेकतो, मागे जातो, पुन्हा टेकतो. मी श्वास धरते आणि नजर मुद्दाम निरांजनाकडे नेते. डोळ्यांच्या कडेनं दिसतं, अर्धी राखी बाहेर आहे, अर्धी खोक्यात. मान लांब करून ती वाटीपर्यंत पोचली आहे. मावशींची पाठ तिच्यापासून हातभर अंतरावर.

ती खाते आहे. मिलच्या आवाजात तिचं चघळणं ऐकू येत नाही, नुसता जबडा हलताना दिसतो.

मावशींना मागचं काही दिसत नाही, पण माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं. मी उठायला लागते तशी त्या मांडीवरचा हात किंचित उचलतात, बसा म्हणून. मग दोन बोटं राखेत बुडवतात आणि पुढचा कापूस ओढतात.