कुंपणापलीकडचा सरडा

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडच्या शिवारात उन्हं तापली की बांधावरच्या बाभळीकडे नीट पाहावं. खोडाला चिकटलेला सरडा माणसाची चाहूल लागताच खोडामागे सरकतो आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने डोकावतो. विणीच्या दिवसांत नराचं डोकं आणि गळा लालभडक होतो. पोरांना तेवढंच निमित्त पुरतं. दगड भिरकावले जातात.

मुंग्या, वाळवी, नाकतोडे, भुंगेरे हे त्याचं जेवण. तो शिकारीमागे फारसा धावत नाही. दबा धरून बसतो आणि किडा हलला की झडप घालतो. म्हणून त्याला ‘शेतकऱ्याचा मित्र’ म्हणतात, पण ते अर्धंच खरं. कपाशीची गुलाबी बोंडअळी बोंडात दडलेली असते आणि तिचा पतंग उडतो रात्री. दिवसा जागणाऱ्या सरड्याच्या तोंडी तो क्वचितच लागणार. शिवाय मधमाशी आपल्या कामाची आहे, हे त्याला कोण सांगणार?

सरड्याचं मोठं काम वेगळंच आहे. मुंगीने शिक्र्याचं पोट भरत नाही. शेकडो मुंग्या खाऊन पोसलेला सरडा मात्र शिक्रा, भारद्वाज, धामण या सगळ्यांना चालतो. खाटीक पक्षी तर पकडलेला सरडा बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो आणि सवडीने खातो.

ही साखळी तुटली की काय होतं, ते साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर दिसलं. तिथल्या रंगीत गळ्याच्या सरड्याचं नाव ‘सरडा सुपर्बा’. 2016 साली शास्त्रज्ञांनी अख्ख्या प्रजातीलाच हा मराठी शब्द दिला. पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी पवनचक्क्यांखालची जमीन आणि पवनचक्क्या नसलेली जमीन यांची तुलना केली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते आणि सरडे कितीतरी जास्त. पण ते सरडे अंगाने रोडावलेले होते, नरांच्या गळ्याचे रंग फिके पडलेले होते आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते हलत नव्हते. खाणारे कमी झाले, तरी वाटेकरी वाढले होते.

दिंद्रुडच्या बांधावर एवढा मोठा खेळ नसेल. पण सरडा, सापसुरळी आणि पाल यांपैकी एकालाही विष नाही, हे पोरांना सांगायला हरकत नाही. आणि उन्हाळ्यात बांधावरचं वाळलं गवत पेटवायचं असेल, तर आधी दगडाखाली, झुडपात काठी फिरवून बघा. आत कोणीतरी असतं.